स्टॅन्लीला भुललेल्यांचा धागा

काल बाथरूमचा बल्ब गेला. नवऱ्याने स्टुलावर चढून काढला, माझ्या हातात दिला आणि मला एकदम टेनेसी विल्यम्सचं नाटक 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' आठवलं. लग्नाच्या रात्री स्टॅन्ली बायकोच्या, स्टेलाच्याच चपलेच्या टाचेने घरातले बल्ब फोडत सुटतो, आणि ती हे बहिणीला, ब्लांशला कौतुकाने सांगते! एमएला हे शिकताना अख्खा वर्ग हसला होता. मीही. त्यात मार्लन ब्रँडो स्टॅन्ली झालेला सिनेमा बघून झालेला. फाटका टीशर्ट, 'स्टेलाऽऽ'... आम्ही पाघळलेल्या. गरोदर बायकोवर नुकताच हात उचलून तो खाली रडत उभा आहे, हे डोक्यात शिरायला मला वीस वर्षं लागली. तुम्हाला कुठे भेटला हा प्राणी?

जिन्याखालचा: आमच्या वरचे काका. नाटकात स्टॅन्ली रेडिओ खिडकीबाहेर फेकतो, इथे मिक्सर जिन्यात. सकाळी काकू तोच पिशवीत घालून दुरुस्तीला निघालेल्या. आईने डोळ्यांनीच दटावलं, विचारायचं नाही. नाटकातली वरची युनिसही तसलीच, मार खाऊन नवऱ्याच्या गळ्यात गळा घालून परत. शेवटी स्टेलाला गप्प संसार कर म्हणून सांगणारी तीच.

निमा: पण स्टेला सोडून जाते ना त्याला?

जिन्याखालचा: ते १९५१च्या सिनेमात, सेन्सॉरची कृपा. १९४७च्या नाटकात ती राहते. स्टॅन्लीने बलात्कार केला हे ब्लांशचं खरं मानलं तर याच्याबरोबर राहणार कशी, म्हणून बहिणीची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात.

दुपारची_झोप: मला मिच जास्त लागला, स्टॅन्लीचा मित्र, ब्लांशशी लग्न करू बघणारा. एवढा सभ्य, आईवेडा, आणि ब्लांशचं वय बघायला दिव्यावरचा कागदी कंदील ओरबाडून काढतो. १९९४ला मला बघायला आले होते, तेव्हा मुलाचा मामा म्हणाला, 'जरा उजेडात बसा.' पोहे तसेच उचलून आत नेले मी.

निमा: 😂 पोहे नेलेत हे बेस्ट

बॅकस्टेज: कॉलेजात मी स्टॅन्ली केलाय. तो ताट आपटतो, 'माझी जागा साफ झाली' म्हणतो, त्यावर काय टाळ्या! घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, 'मग ते उचललं कोणी?' ब्लांश करणाऱ्या मुलीनेच उचललं होतं, हे सांगितलं नाही.

दुपारची_झोप: काचेचं ताट परवडायचं तुम्हाला??

बॅकस्टेज: मेलामाइन. फुटलंच नाही, टणाटण उड्या मारत पहिल्या रांगेत परीक्षकांपर्यंत गेलं.

कोपऱ्यातला: तेंडुलकरांनी याचं मराठी केलंय, 'वासनाचक्र'. कुणाकडे प्रत आहे का? पोस्टाचा खर्च देईन.

निमा: मलाही हवीये. कुकर झाला, येते. तो मिक्सर झाला का नीट?

जिन्याखालचा: झाला. काकूंनी दुकानात सांगितलं, हातातून निसटला.