तिळगुळाचा गोडवा हे नाटक कसे?

कृष्णाकाठ:
‘संक्रांतीचा गोडवा म्हणजे वर्षभर अबोला धरणाऱ्यांचे एका संध्याकाळचे नाटक; सणाला खगोलशास्त्रीय अर्थ होता, तोही आता उरलेला नाही’ हे कालचे मत वाचून स्वस्थ बसवेना. माझे वडील आणि धाकटे काका बांधावरून कोर्टात गेले होते. तरीही दर संक्रांतीला काका तिळगूळ घेऊन ओसरीवर येत आणि वडील त्यांना बसायला सांगत. खटला मिटला नाही, पण आम्हा चुलत भावंडांची ये-जा तेवढ्या आधारावर टिकली. याला नाटक म्हणणाऱ्याने भाऊबंदकी जवळून पाहिलेली नसावी.

पंचांगवाचक:
ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. त्याचा मकर राशीतील प्रवेश संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या अतिसंथ डोलण्यामुळे, सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. १२ जानेवारी १८६३ रोजी विवेकानंद जन्मले, त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. तरीही १४ जानेवारी १७६१ चे पानिपत संक्रांतीच्याच दिवशी घडले, असे दरवर्षी गहिवरून सांगितले जाते. त्या वर्षीची संक्रांत आधीच होऊन गेलेली होती. जी भावना तथ्य तपासू देत नाही, तिचे कौतुक मला करता येत नाही.

ओवी:
तारखांचा हा वाद ज्यांना घरात मान आहे त्यांना परवडतो. वडील गेल्यानंतरच्या संक्रांतीला आमच्याच घरी हळदीकुंकू झाले. आईने सकाळपासून वड्या थापल्या आणि बायका येऊ लागताच आत्याने तिला आतल्या खोलीत बसायला सांगितले. हलव्याचे दागिने, बोरन्हाण, सुगडे यांवर भरभरून लिहिणाऱ्यांना ती आतली खोली कधी दिसत नाही.

कृष्णाकाठ:
आपल्या आईंवर अन्याय झाला, यात शंका नाही. परंतु चर्चा तिळगुळाची आहे, हळदीकुंकवाची नाही. प्रत्येक सणाच्या आनंदात हाच विषय आणला, तर कोणी काही साजरे करूच नये काय?

ओवी:
हे वाक्य मला अपमानास्पद वाटते. ज्या संध्याकाळी सर्वांशी गोड बोलायचे, त्याच संध्याकाळी कोणाला वगळायचे हेही ठरते, मग हा विषय बाहेरचा कसा? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले, ते शिकल्यासवरल्या घरांना का जमत नाही?

गृहिणी:
आमच्या इमारतीत सर्व स्त्रियांना बोलावतात. मात्र वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटणे थांबवा, माळा भरला आहे.

पंचांगवाचक:
डब्यांचे नंतर पाहू. ओवी यांचा आक्षेप माझ्या आक्षेपाहून वजनदार आहे, कारण चुकीच्या तारखेने कोणाला दुखापत होत नाही.

कृष्णाकाठ:
तारखेचे गणित मी मान्य करतो, कारण ते नाकारता येत नाही. हळदीकुंकवाची पद्धत बदलावी, हेही मान्य. पण ओसरीवरची ती भेट खोटी होती, हे मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

ओवी:
ती खोटी होती असे मी म्हटलेलेच नाही. आता आत्या आईला बोलावते. आई जात नाही, आणि तिने जावे असा आग्रह मी धरणार नाही.