कुस्तीनंतर लघवी का तुंबते? किडनीवर नसांचा ताबा किती?

लाल_माती: कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या तालमीतली पोरं आहेत. जोड लागायच्या आधी अर्ध्या तासात तीनदा लघवीला पळतात. कुस्ती झाल्यावर मात्र लिटरभर पाणी पिऊनही दोन-तीन तास काही नाही, आणि होते ती गडद. एकाच्या लघवीच्या तपासणीत प्रथिनं १+ (म्हणजे थोडी) आली. किडनी बिघडली म्हणायची, की सगळा भीतीचा खेळ?

नेफ्रॉन: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीची पळापळ मूत्राशयाची. धास्तीत थोडी लघवी साठली तरी घाई होते. किडनी काही जास्त लघवी तयार करत नाही.

नंतरचा प्रकार मात्र किडनीचा. छातीच्या खालच्या नि कमरेच्या वरच्या भागात पाठीच्या कण्यातून निघालेल्या सिंपथेटिक नसा (रक्ताच्या नव्हेत, ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू) किडनीच्या धमनीला लगटून आत जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा परिणाम पायऱ्यांनी दिसतो. दोन सेकंदांत साधारण एक इशारा आला की रेनिन (रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारं किडनीचं रसायन) वाढतं. सेकंदाला एकाच्या आसपास गेले की किडनीतल्या बारीक नलिका मीठ धरून ठेवतात. दोन किंवा जास्त झाले की रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तपुरवठा घटतो. म्हणजे मीठ आधी अडतं, रक्त नंतर. विश्रांतीत मिनिटाला लिटरभर रक्त किडन्यांकडे जातं. जोरदार कष्टात ते पाव हिश्शावर येऊ शकतं, कारण ते स्नायूंना हवं असतं.

घागर: मग बसवलेल्या किडनीचं काय? तिच्या नसा तर कापलेल्या असतात.

नेफ्रॉन: तरी ती चालते. १९५४ साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावाची किडनी बसवली, तेव्हापासून हे उघड आहे. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी किडनी आपला प्रवाह स्वतःच सांभाळते. नसा लगाम ओढतात, गाडी चालवत नाहीत.

सलाईन: गडद रंगाचं कारण मेंदूतच, पण वाट रक्तातून. घाम गाळून वजन उतरवलं की रक्त दाट होतं, हायपोथॅलॅमसला ते कळतं आणि पिट्युटरीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं. मग किडनी पाणी परत ओढते. वेदना आणि मळमळीनंही ते वाढतं, म्हणून कुस्तीनंतर लगेच उतरत नाही. अशा वेळी नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. जेवढं वजन घामानं उतरलं त्याच्या दर किलोमागे सुमारे दीड लिटर, काही तासांत, थोडं थोडं, मीठ घातलेल्या ताकासोबत किंवा जेवणासोबत द्या.

प्रथिनांचं म्हणाल तर जोरकस व्यायामानंतर १+ येऊ शकतं. ४८ तास पूर्ण विश्रांती देऊन सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी पुन्हा करा. तेव्हाही आलं तर डॉक्टर गाठा.

सगळ्यात महत्त्वाचं: अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. नसा रक्तवाहिनी आवळत असताना प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं तिला थोडी उघडी ठेवतात. ही औषधं नेमकी तीच बंद करतात, आणि सुकलेल्या शरीरात किडनी एका दिवसात निकामी होऊ शकते. लघवी कोलासारखी तपकिरी, स्नायू सुजलेले, किंवा बारा तास लघवीच नाही, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठा. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी) या रक्ततपासण्या मागा.

घागर: बीपीसाठी किडनीच्या नसा जाळतात, ते याच का?

नेफ्रॉन: याच. त्यांतून उलटे इशारेही मेंदूकडे जातात आणि आजारी किडनी त्यातून सगळ्या शरीराचा दाब चढवते. २०१४च्या मोठ्या चाचणीत हा उपाय खोट्या (नुसत्या देखाव्याच्या) प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता. पुढे तंत्र सुधारलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत दोन उपकरणांना मान्यता मिळाली. दाब उतरतो तो बेताचाच, गोळ्या बहुतेकांच्या सुटत नाहीत. मिठाच्या जेवणावर ताबा नसेल तर त्या वाटेला जाण्यात माझ्या मते अर्थ नाही.