मालिकेत पाहिले, ओसरीवर घडवले

आवडती मालिका पाहून घरच्या घरी काही घडवले असेल, तर ते कशाचे केले, कसे जोडले आणि कोठे बिघडले, हे मराठवाड्यातील वाचकांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. विकत आणलेल्या वस्तूंपेक्षा शेतात, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात सहज मिळणाऱ्या साहित्याविषयी लिहिले, तर आज ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांना त्याचा खरा उपयोग होईल. आरंभ माझ्यापासूनच करतो.

परळी परिसर, जि. बीड

'महाभारत' दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले, तेव्हा मी चौथीत होतो. गावात दूरचित्रवाणी संच एकच होता आणि रविवारी सकाळी त्या घराची ओसरी पोरांनी भरून जात असे. मला त्यातील धनुष्यबाणांपेक्षा रथाची ओढ अधिक होती. मालदांडी ज्वारी काढून कडब्याच्या गंजी रचल्या गेल्या, की त्यातून जाड, वाळलेले धांडे निवडून मी माळवदावर जाऊन बसत असे. धांड्याची साल आणि आतले भेंड हे दोन्ही मिळूनच काम होते. भेंड इतके मऊ असते की सालीची टोकदार काडी त्यात खिळ्यासारखी रुतते आणि तिथेच घट्ट बसते, त्यामुळे ना दोरा लागतो ना डिंक. धांडा जेमतेम अंगठ्याएवढा जाड असल्याने त्याच्या चकतीचे चाक फार लहान होते. म्हणून मी सालीची लांब पट्टी पाण्यात भिजवून तिचे कडे वळवले, मध्ये भेंडाचा तुंबा ठेवला आणि आठ काड्यांचे आरे बसवले. चार घोडेही भेंडाचेच केले, आणि भेंड मुळातच पांढरे असल्याने त्यांना रंग द्यावा लागला नाही. साल सोलताना मात्र जपावे, कारण तिची कड पात्यासारखी धारदार असते. माझ्या उजव्या तर्जनीवर त्या वर्षीचा वण अजून आहे. पहिला रथ मी गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवून झोपलो आणि सकाळी पाहतो तर वासराने घोड्यांसकट तो खाऊन टाकला होता. मी दिवसभर जेवलो नाही. दुसरा रथ केला, तो आढ्याला टांगला.

वसमत, जि. हिंगोली

'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले. आमच्याकडचा संच कृष्णधवल असल्यामुळे श्रीरामांच्या मुकुटाचा रंग कोणता, हा प्रश्न आम्हा बहिणींना कित्येक आठवडे पुरला. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला कणकेच्या खळीने बेगड चिकटवून आम्ही धाकट्या भावासाठी मुकुट केला आणि बराच विचार करून त्यासाठी हिरवा बेगड निवडला. पुढच्या सुटीत नांदेडला मामांच्या घरी रंगीत संचावर पाहिले, तर मुकुट सोनेरी होता. परतल्यावर सोनेरी बेगड आणायचा की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली, पण भाऊ हिरवा मुकुट सोडायला तयार झाला नाही आणि दसऱ्याला तोच घालून मिरवला. खळीला झुरळे लागतात म्हणून आई तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत असे. तो विषारी असतो, त्यामुळे लहान मुले हाताळणार असतील तर तो मुळीच घालू नये. खळ थोडीच करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

उदगीर, जि. लातूर

मला धनुष्याविषयी लिहायचे आहे आणि ते थोडे जड मनाने लिहितो. तुराटीचे धनुष्य वाकवताच मोडते, हे आम्हाला दोन दिवसांत कळले. मग टोपल्या विणणाऱ्या एका बुरूड काकांनी बांबूची कामटी तासून दिली आणि आजोबांनी अंबाडीच्या वाखाची दोरी वळून दिली. बाणासाठी ज्वारीच्या कणसाखालचा, पेर नसलेला सरळ दांडा उत्तम. तो हलका असतो आणि वाऱ्यावर भरकटत नाही. बाणाच्या टोकाला मात्र मी बाभळीचा काटा बसवला. तो बाण माझ्या धाकट्या भावाच्या भुवईत घुसला. डोळा अर्ध्या बोटाने वाचला. आजोबांनी मला मारले नाही. त्यांनी सगळे बाण जवळ घेतले, काटे उपटले आणि प्रत्येक टोकाला जुन्या धोतराच्या चिंधीचा लिंबाएवढा गोळा घट्ट बांधून बाण परत माझ्या हातात दिले. आज माझ्या मुलीसाठी धनुष्य करताना मी तो गोळा आधी बांधतो आणि मग कामटी हातात घेतो.

पूर्णा, जि. परभणी

वडील रेल्वेत असल्याने आमचे बालपण रुळांलगतच गेले आणि 'मालगुडी डेज'मधील छोटे स्थानक आम्हाला आपलेच वाटे. आर. के. लक्ष्मण यांची चित्रे शीर्षकाच्या वेळी जितकी दिसत, तितकी लक्षात ठेवून मी काडेपेट्यांवर घरांचे दर्शनी भाग काढत असे. आठ काडेपेट्यांची गाडी, सदऱ्याच्या गुंड्यांची चाके आणि फरशीवर कोळशाने ओढलेले रूळ, एवढाच सगळा खर्च.

सेलू, जि. परभणी

आमच्या पिढीची मालिका म्हणजे पोगो वाहिनीवरील 'एम.ए.डी.' आणि त्यातील रॉब. तो मोठ्या कल्पना फार सोप्या करून दाखवत असे, पण त्याच्या टेबलावरील चिकट पट्ट्या आणि रंग आमच्या गावातील दुकानात मिळत नसत. आजीने तोडगा काढला तो चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके खापरात टरफल तडकेपर्यंत भाजायचे, जात्यावर भरडून पाखडायचे, पांढरा गर रात्रभर भिजत घालून पाट्यावर वाटायचा आणि पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा. घोंगडीलाही हीच खळ देतात, त्यामुळे तिच्या चिवटपणाची वेगळी खात्री देण्याची गरज नाही. तिने चिकटवलेला पुठ्ठ्याचा पेनस्टँड माझ्या टेबलावर अजून उभा आहे. तयार खळ दोन-तीन दिवसांत आंबते, एवढे लक्षात ठेवावे.

औसा, जि. लातूर

स्टार प्रवाहवर २००८ साली सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' पाहून मुलांनी पुढच्या दिवाळीत किल्ल्याचा हट्ट धरला. आम्ही शेतातील काळी माती आणून बुरूज उभे केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आमची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पीक तिच्यात उत्तम येते, पण बुरूज टिकत नाही. शेजारच्या पडक्या माळवदाची पांढरी माती चाळून, तिच्यात गव्हाचा भुसा आणि थोडे शेण मिसळून चार दिवस मुरवल्यावर मात्र तटाला एकही तडा गेला नाही. मालिकेतील किल्ले डोंगरांवरचे होते. आमच्या गावचा किल्ला भुईकोट आहे, म्हणून मुलांनी डोंगर न रचता खंदक खणला आणि पाणी मुरू नये यासाठी खताच्या पोत्यातील प्लास्टिक आत अंथरले. मला हा फरक फार आवडला.

अंबाजोगाई, जि. बीड

२८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा दाखवू लागले, तेव्हा टाळेबंदीमुळे नातू माझ्याकडेच अडकला होता. दुकाने बंद, पण वर्तमानपत्रांची रद्दी भरपूर होती. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या मी लग्नाआधीपासून करते, म्हणून तोच लगदा मुखवट्यांसाठी घेतला. कागदाचे तुकडे तीन दिवस भिजवून कुटले आणि भिजवलेली मेथी वाटून त्यात मळली; मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणाने कीड लागत नाही. पालथ्या पातेल्यावर ओले फडके पसरून त्यावर करंगळीएवढा जाड थर द्यावा आणि सावलीतच वाळवावा, कारण उन्हात तो वेडावाकडा होतो. नातवाला सर्वांना हवा असतो तो हनुमान नको होता, जांबुवंत हवा होता. केसांसाठी आम्ही नारळाची शेंडी पिंजून लावली. तो मुखवटा अजून माझ्या स्वयंपाकघरात उताणा पडलेला असतो आणि मी त्यात लसूण ठेवते. नातू सुटीला येणार असे कळले, की तो रिकामा करून पुसून ठेवावा लागतो.