गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यात डॉप्लर लावला की टीआय (थर्मल इंडेक्स, उष्णतेचा अंदाज देणारा आकडा) १.४ दाखवतंय, काय बदलायचं?

मांजराकाठ
उदगीरच्या पुढं तालुक्याला सोनोग्राफी सेंटर आहे, मशीन नवीन. आठ-नऊ आठवड्यांच्या पेशंटचे ठोके बघताना पल्स्ड डॉप्लर (रक्ताचा वेग टिपून आवाज ऐकवणारी पद्धत) लावला की कोपऱ्यात टीआयएस (मऊ ऊतींसाठीचा टीआय) १.४, कधी १.६ येतो. बी-मोडमध्ये, म्हणजे साध्या चित्रात, तोच ०.२ असतो. बरोबरची मंडळी 'ठोके ऐकवा की जरा' म्हणून मागं लागतात. किती आकडा चालतो? पॉवर कमी केली की चित्र काळं पडायलंय, त्याचं काय? आणि मे महिन्यात इकडं ४२-४३ अंश असतं, खोली तापते. त्याचा काही संबंध?

गोदाकाठ
आठव्या आठवड्याला ठोक्यांसाठी डॉप्लर नकोच, एम-मोड (एका रेषेवरची हालचाल पट्ट्यात दाखवणारा) घ्या. रेषा हृदयाच्या थरथरीवर ठेवा, दोन-तीन सेकंदांचा पट्टा आला की फ्रीझ करा आणि मोजमाप फ्रीझवरच करा. फ्रीझ झालं की प्रोबमधून ध्वनिलहरी जात नाहीत.

बी-मोडमध्ये बीम सारखा सरकत असतो. पल्स्ड डॉप्लरमध्ये लांब पल्स एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा जातात, म्हणून ऊर्जा एका जागी साचते. त्यात या वयाच्या गर्भात उष्णता वाहून नेण्याइतकं रक्ताभिसरण नसतं.

टीआय म्हणजे थर्मामीटर नव्हे. ऊतीचं तापमान १ अंशानं वाढवायला जेवढी शक्ती लागेल असं मशीन धरतं, त्याच्या किती पट शक्ती आत्ता जातेय, एवढंच तो सांगतो. गर्भासाठी ब्रिटिश संस्थेची (बीएमयूएस) वेळेची मर्यादा अशी: ०.७ पर्यंत बंधन नाही, १.० पर्यंत ६० मिनिटं, १.५ पर्यंत ३०, २.० पर्यंत १५, २.५ पर्यंत ४, ३.० पर्यंत १ मिनिट. त्यावर नकोच. तुमचा १.४ यात बसतो, पण नुसतं ऐकवण्यासाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही. मंडळींना पडद्यावर थरथर दाखवा, समाधान होतं.

'मशीन करू देतंय म्हणजे चालतं' हेही खरं नाही. अमेरिकेत १९९२ च्या सुमारास पडद्यावर टीआय आणि एमआय (लहरींच्या यांत्रिक परिणामाचा आकडा) दाखवण्याच्या अटीवर गर्भासाठीची कमाल मर्यादा ९४ वरून ७२० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरवर नेली. म्हणजे लगाम कंपनीकडून काढून आपल्या हातात दिलाय.

बालाघाट_रेडिओ
काळं पडतं म्हणून पॉवर चढवणं ही उलटी वाट. पॉवर म्हणजे प्रोब किती पाठवतो. गेन म्हणजे परत आलेला आवाज किती मोठा करायचा. तपासून बघा: गेन फिरवला तर टीआय जागचा हलत नाही, पॉवर फिरवली की हलतो.

क्रम असा ठेवा. पॉवर खाली, मग गेन, मग टीजीसी (खोलीनुसार वेगवेगळा गेन). फोकस गर्भाच्या पातळीवर, डेप्थ गरजेपुरती. पोटावरून दिसत नसेल तर ट्रान्सव्हजायनल (योनीमार्गातून लावायचा) प्रोब. एवढं करूनही भागलं नाही तरच पॉवर एक पायरी वर, आणि काम झालं की लगेच खाली.

घोळ बहुतेक प्रीसेटमध्ये (तपासणीनुसार आधीच ठरवलेल्या सेटिंगमध्ये) असतो. मागचा पेशंट पोटाचा किंवा हृदयाचा असेल आणि प्रीसेट तोच राहिला, तर गरोदर बाईवर मोठी पॉवर जाते. मेनूत दहा आठवड्यांपर्यंत टीआयएस आणि पुढं हाडं घट्ट होऊ लागली की टीआयबी (हाडांसाठीचा टीआय) निवडा. कलर बॉक्स फार अरुंद केला तरी आकडा चढू शकतो, तेव्हा नजर आकड्यावर ठेवूनच बॉक्स ओढा.

दुधना
खोलीच्या उकाड्यानं टीआय बदलत नाही. पेशंटला ताप असेल तर मात्र फरक पडतो, कारण गर्भ आधीच तापलेला असतो आणि टीआय ते धरत नाही. गर्भाचं तापमान ४ अंशांनी वाढून ५ मिनिटं टिकलं तर धोका मानतात. आईला ३९ ताप असेल तर निम्मी वाट तिथंच संपली. तपासणी आवरती घ्या.

उन्हाळ्यात खरी काळजी प्रोबची. ट्रान्सव्हजायनल प्रोबचा पृष्ठभाग स्वतः तापतो. शरीराला लागताना त्याची मर्यादा ४३ अंश आहे. दोन पेशंटच्या मध्ये फ्रीझ करून ठेवा. पंख्याच्या जाळीत आपल्याकडची धूळ बसली की मशीन गरम होऊन बंद पडतं, तेव्हा जाळी महिन्याला धुवून पूर्ण वाळवून लावा. लेन्सला चीर दिसली तर प्रोब बाजूला.

एक मात्र, या चर्चेनं घाबरून गरजेचा डॉप्लर टाळू नका. बाळाची वाढ खुंटलीय अशी शंका असेल तर नाळेचा डॉप्लर करायलाच हवा. ११ ते १३ आठवडे ६ दिवसांत कारण असेल तर टीआय १.० च्या आत ठेवून ५ ते १० मिनिटांत उरका.

मांजराकाठ
पॉवर मेनूच्या दुसऱ्या पानावर सापडली, कंपनीच्या प्रीसेटमध्येच १०० टक्के होती. ४० वर आणून गेन वाढवला, धडधड स्पष्ट दिसतेय आणि एम-मोडला टीआय ०.१.

बालाघाट_रेडिओ
आता ते '८ आठवडे' नावानं वेगळं प्रीसेट म्हणून सेव्ह करा. कंपनीच्याच प्रीसेटवर लिहिलं, तर सर्व्हिसवाल्यानं सॉफ्टवेअर टाकलं की पुन्हा १०० होईल.