विषय : डिसेंबरमध्ये यावलच्या मळ्यात चाउडर – कोणते करावे?

यावल (जि. जळगाव) येथून

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

नाताळाच्या सुट्टीत आपल्यापैकी बरीच मंडळी जळगाव, भुसावळ, फैजपूर आणि धुळ्याकडे आपापल्या घरी येणार आहेत, म्हणून आम्ही नेहमीप्रमाणे मळ्यात भरिताचा बेत ठरविला आहे. या वर्षी भरिताच्या जोडीला चाउडर करावे आणि इकडच्या नातलगांना ते चाखायला द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बोस्टनजवळ राहत होतो तेव्हा थंडीत आमच्या घरी ते वरचेवर होत असे. मात्र इथे परतल्यापासून त्याचे वर्णन करावे तितका ऐकणाऱ्यांचा गोंधळ वाढतो, कारण दूध, बटाटा आणि शिंपल्यांचे मांस एकत्र शिजवलेला हा पदार्थ त्यांच्या ओळखीच्या कोणत्याच पदार्थाजवळ जात नाही.

अडचणी अनेक आहेत. आमच्याकडे निम्मी मंडळी शाकाहारी आहेत. जी मासे खातात, त्यांतील वडीलधारी माणसे माशांवर दूध घेत नाहीत. मासे आणि दूध हे विरुद्ध अन्न आहे, असे ती मानतात आणि त्यांचे मन मोडावे असे मला वाटत नाही. मुंबईहून रातोरात तिसऱ्या (शिंपले) बर्फात घालून आणता येतील, असे माझे दीर म्हणतात. पुतण्याचा आग्रह असा की, दुधाचे पांचट कालवण खान्देशात कोणी खाणार नाही, तेव्हा वरून काळ्या मसाल्याची फोडणी द्यावी. अण्णांनी तिकडे घरी, हॉटेलांत आणि चाउडरच्या मेळ्यांतही पुष्कळ चाखले आहे, म्हणून त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. साधारण साठ माणसे असतील.

आपली,
यावलची वहिनी

बोस्टनजवळून

वहिनींना आणि सर्वांना नमस्कार.

आपला बेत वाचून फार आनंद झाला. सर्वांत आधी तिसऱ्यांविषयी लिहितो, कारण तेथे चूक झाली तर प्रकृतीवर बेतेल. इकडे चाउडरसाठी क्वाहॉग नावाचे जाड कवचाचे मोठे शिंपले वापरतात. ते भांड्यात जाईपर्यंत जिवंत असावे लागतात, आणि ज्याचे तोंड शिजवण्याआधीच उघडे आहे व टिचकी मारूनही मिटत नाही, तो टाकून देतात. बर्फ वितळून त्याचे गोडे पाणी साचले की त्यात समुद्री शिंपले मरतात. मुंबई ते यावल एवढ्या प्रवासात आणि त्यानंतर मळ्यातल्या सकाळभरच्या खोळंब्यात ही काळजी कोण घेणार? डबाबंद मांस आणावे तर ते चिवट लागते, आणि पहिल्यांदा चाखणाऱ्याच्या मनात तीच चव घर करून बसते. माझे स्पष्ट मत आहे की तापीकाठी शिंपल्यांचे चाउडर करू नये.

त्यामुळे आपण अस्सल पदार्थापासून दूर जातो, असे मात्र मुळीच नाही. चाउडरची छापील कृती म्हणून सर्वांत जुनी जी ज्ञात आहे, ती बोस्टनच्या एका वृत्तपत्रात १७५१ साली पद्यरूपात आली होती. तिच्यात दूध नाही, बटाटा नाही आणि शिंपलेही नाहीत. तळाशी कांदा, कारण हे मिश्रण मध्ये ढवळता येत नाही आणि कांदा नसेल तर डुकराचे मांस करपते. त्यावर मांसाचे पातळ काप, मग मासा, मग भिजवलेले जहाजी बिस्कीट असे थर लावून वर लाल मद्य आणि पाणी ओतायचे, अशी ती कृती आहे. बटाटा आणि दूध नंतर आले. समुद्रापासून दूरच्या घरांनी त्याच रीतीने मक्याचे चाउडर केले, आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील या राज्यांत, आज कोणी त्याला उसने म्हणत नाही. खान्देशासारख्या मका पिकवणाऱ्या मुलखात तेच करणे मला सर्वांत योग्य वाटते.

आता दाटपणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बिघडते ते इथेच. हॉटेलात मिळणारे चाउडर पुष्कळदा इतके घट्ट असते की त्यात चमचा उभा राहावा. त्यांना त्याला कारण आहे: भांडे तासन्‌तास गरम ठेवावे लागते, आणि लोण्यात परतलेले पीठ घातले तर दूध फाटण्याचा धोका कमी होतो. बोस्टनमधील फॅन्युइल हॉलजवळचे युनियन ऑयस्टर हाउस हे हॉटेल १८२६ पासून चालू आहे. तेथील जुन्या लाकडी बाकांवर बसून एक वाटी मागवावी आणि सोबतची लहान षटकोनी क्रॅकर बिस्किटे वरून सोडावीत, हा आनंद मी कधीही नाकारणार नाही. परंतु घरी पीठ घालण्याची काहीच गरज नसते. पिठामुळे जिभेवर लेप बसतो आणि त्याखाली कांद्याची गोडी, मक्याची चव, सारे दबून जाते. घरचे चाउडर पळीवाढे असावे. त्याला अंग येते ते बटाट्यातील स्टार्चने; शिजलेल्यापैकी चार-सहा फोडी भांड्याच्या कडेला पळीने दाबून मोडल्या की पुरे.

कृती अशी. डिसेंबरात गावरान मक्याची कोवळी कणसे मिळणार नाहीत, कारण खरिपाचा मका तोवर वाळून खळ्यावर आलेला असतो. बागायती स्वीट कॉर्न घ्यावे. दाणे सुरीने उतरवून घ्यावेत आणि बुरकुंडी (दाणे काढून उरलेले कणसाचे दांडे) फेकू नयेत. सुरीची पाठ त्यांवरून दाबून ओढली की दाण्यांच्या मुळाशी राहिलेला दुधाळ रस निघतो, तो वाटीत धरावा. मग बुरकुंडी पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळावीत. शिंपल्यांच्या पाण्याने जे काम होते, ते या पाण्याने होते. लोण्यात कांदा मंद आचेवर मऊ करावा, त्याला रंग येऊ देऊ नये. त्यात हे पाणी आणि बटाट्याच्या फोडी घालून बटाटा पूर्ण शिजू द्यावा. दाणे आणि रस त्यानंतर. दूध वेगळे तापवून सर्वांत शेवटी घालावे आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नये. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे सात टक्के असतो, त्यामुळे वेगळी साय लागणार नाही. कच्चा बटाटा दुधात शिजवू गेलात तर तो लवकर शिजत नाही आणि साठ माणसांच्या पातेल्यात दूध हमखास तळाला लागते.

एक सूचना विशेष आग्रहाने करतो. वांगी भाजण्यासाठी तुम्ही पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पेटवणारच. त्या निखाऱ्यांवर थोडी कणसे सालीसकट भाजून त्यांचे दाणे शेवटी मिसळावेत. इकडे धुरी दिलेल्या बेकनने जो खमंगपणा येतो, तो शाकाहारी मंडळींना अशा रीतीने मिळेल. काळा मसाला मात्र घालू नये. तो भरताशेजारी, शेवभाजीत, शोभतो. इथे एका चमच्यानेही बाकी सर्व पुसून टाकील. भरड मिरपूड, आणि मिळाल्यास थोडा वाळवलेला थाइम (एक सुगंधी पाला), एवढ्यावर थांबावे.

आपला,
अण्णा

ऱ्होड आयलंड येथून

सर्वांना नमस्कार.

अण्णांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी मासे खाणाऱ्यांसाठी एक दुसरे पातेले असावे, असे मला वाटते. आमच्या राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर चाउडर दुधाशिवाय करतात: मुख्यतः कांदा, बटाटा, शिंपले आणि त्यांचेच पाणी. ते स्वच्छ, पातळ आणि खारट असते, आणि थंडीत वाटी दोन्ही हातांत धरून प्यायला फार बरे वाटते. त्याच रीतीने गोड्या पाण्यातील मासा वापरता येईल. मरळ मिळाल्यास तीच घ्यावी, कारण तिचे मांस घट्ट असते आणि बारीक काटे फारसे नसतात. डोके आणि मधला काटा उकळून पाणी गाळून घ्यावे, त्यात कांदा-बटाटा शिजवावा, आणि माशाचे तुकडे अगदी शेवटी सोडून आच बंद करावी. दुधाचा थेंबही नसल्यामुळे वडीलधाऱ्यांचा आक्षेप उरत नाही.

टोमॅटो घातलेले तांबडे चाउडर मॅनहॅटनच्या नावाने ओळखले जाते, आणि मला ते आवडते. १९३९ साली मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी आणणारे विधेयकच एका सदस्याने मांडले होते, इतकी तिकडची मते तीव्र आहेत. परंतु पहिल्याच वर्षी तिसरे पातेले नको. तांबडा रस्सा दिसला की सगळे भाकरी कुस्करायला बसतील आणि चाखणे बाजूला राहील.

चाखण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. बोस्टनला जुलैत स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरत असलेल्या चाउडरफेस्टमध्ये आणि आमच्या न्यूपोर्टच्या स्पर्धेत लहान पेल्यांत घोट-दोन घोट देत आणि लोक मत नोंदवत. तेथे माझे निरीक्षण असे की, जे सर्वांत दाट आणि खारट असते ते पहिल्या घोटाला जिंकते, परंतु वाटीभर खाववत नाही. म्हणून आधी पातळ द्यावे, मग दुधाचे. भरीत या दोन्हींच्या नंतर, कारण हिरव्या मिरचीच्या ठेच्यानंतर दुधाची चव कोणालाच कळणार नाही.

आपला,
धुळ्याचा भाऊ

यावल येथून

अण्णा आणि भाऊ, दोघांचे मनापासून आभार.

आपल्या पत्रांवरून घरात सविस्तर चर्चा झाली आणि दोन पातेली ठरली. मक्याचे मोठे, दुधाचे. आणि मरळीचे लहान, स्वच्छ पाण्याचे. मरळीसाठी भुसावळच्या बाजारात सांगून ठेवले आहे. दोन्हींच्या पळ्या आणि वाढणारी माणसे वेगळी असतील, म्हणजे शाकाहारी मंडळी निश्चिंत राहतील. दूध मळ्यातल्या चुलीवर न तापवता घरून गॅसवर तापवून आणू आणि पातेले जाळावरून उतरवून निखाऱ्यांवर ठेवल्यावरच त्यात ओतू.

अण्णांच्या सूचनेप्रमाणे काल थोड्या प्रमाणात करून पाहिले. बुरकुंड्यांचे पाणी उकळत असतानाच स्वयंपाकघरात असा गोड वास सुटला की सासूबाई माळ हातात घेऊन विचारायला आल्या. निखाऱ्यांवरचे दाणे घातल्याने खरोखर फरक पडतो. ते थोडे चरचरीत राहतात आणि दुधाच्या गोडीला अडसर घालतात. पुतण्याने फोडणीचा आग्रह सोडला, मात्र मिरपूड स्वतः कुटून दुप्पट घातली, आणि ती चांगली लागली हे मी मान्य करते.

क्रॅकर बिस्किटे कोणी तिकडून आणू नयेत. वैशाखात घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या (खान्देशी पापड) घरात डबाभर आहेत. त्या निखाऱ्यांवर भाजून, मोडून वरून घातल्या. कडा लगेच मऊ पडतात, मधला भाग कुरकुरीत राहतो, आणि त्यांतील लसूण-तिळाची चव दुधात हळूहळू उतरते. बिबडीत मीठ-मिरची असतेच, म्हणून पातेल्यातले मीठ बेताचे ठेवावे लागेल.

भाऊंच्या क्रमाला सासऱ्यांनी मात्र हरकत घेतली आहे. भरीत गरम असतानाच बडगीत (लाकडी भांड्यात) कुटून पानात यायला हवे, ते चाउडरसाठी थांबणार नाही, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यामुळे चाउडर वांगी भाजणे चालू असतानाच, जाळाभोवती उभ्याने, स्टीलच्या लहान वाट्यांत देऊ. कुटणे सुरू झाले की पातेली झाकली जातील. ज्यांना चाखायचे आहे त्यांनी सकाळी साडेदहापर्यंत मळ्यावर पोहोचावे. थाइम इकडे मिळाला नाही. बोस्टनहून येणाऱ्यांपैकी कोणी एकाने लहान बाटली आणावी आणि कोण आणणार ते इथेच कळवावे.

आपली,
यावलची वहिनी