बुद्धिबळ, ३+० ब्लिट्झ (डावाला ३ मिनिटं, खेळीमागे जादा वेळ नाही): पोझिशन चांगली असते आणि झेंडा पडतो, म्हणजे वेळ संपतो. २१५० च्या पुढे कसं जायचं?

रातपाळीचा_घोडा

नमस्कार मंडळी. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर माझं ब्लिट्झ रेटिंग दोन वर्षं २१०० ते २२०० मध्येच घुटमळतंय. रोज सकाळी लोकलमध्ये अर्धा तास पझल्स सोडवतो, काळ्याकडून खेळायच्या कॅरो-कान ओपनिंगच्या लाइन्स पाठ आहेत, एंडगेमही बऱ्यापैकी येतो. तरी निम्मे पराभव टाइमवर, आणि तेही बरोबरीच्या किंवा जिंकत आलेल्या डावात.

परवाचाच डाव सांगतो. मी काळा. माझा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर. समोरच्याचा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. फिलिडोरची बरोबरी, म्हणजे एक प्यादं कमी असताना हत्तीने डाव बरोबरीत राखायची ठरलेली पद्धत, शाळेत असताना शिकलेली. त्याने प्यादं ई६ ला ढकललं. आता हत्ती थेट ए१ ला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, हे झोपेतही सांगेन. घड्याळात ७ सेकंद होते. त्यातले ४ मी नुसती खात्री करण्यात घालवले. हत्ती नेला, दोन शह दिले आणि झेंडा पडला. त्या रात्री राग येऊन दीड वाजेपर्यंत खेळलो आणि शंभरेक पॉइंट घालवले.

ऑफिस सांभाळून दिवसाला तासभर मिळतो. तो तास कशाला देऊ?

सातवी_रांग

तुमचा फिलिडोर पक्का आहे, त्याला हात लावू नका. ते ७ सेकंद कसे उरले ते शोधा. ३ मिनिटं म्हणजे १८० सेकंद. डाव ४० खेळ्यांचा धरला तर खेळीमागे साडेचार सेकंद येतात. ओपनिंगमध्ये एकदा १५ सेकंद थबकलात की पुढच्या तीन खेळ्यांचा वेळ तिथेच संपला.

मीही अशीच अडकले होते. मुलांना शिकवते, त्यामुळे चुका वहीत लिहायची सवय होती, पण स्वतःच्या ब्लिट्झची वही कधी केली नव्हती. एका मे महिन्याच्या सुट्टीत हरलेले ३० डाव घेऊन बसले. लिचेसच्या विश्लेषणात प्रत्येक खेळीला किती वेळ लागला याचा आलेख दिसतो. इंजिन बंद ठेवलं आणि फक्त तो आलेख बघितला. जिथे १० सेकंदांहून जास्त गेले ती खेळी वहीत, आणि पुढे तीन रकाने: खरंच मोजायची गरज होती, माहीत असलेलंच पुन्हा तपासलं, दोन्ही चाली चालल्या असत्या तरी ठरवत बसले.

तिसरा रकाना पानभर झाला. घोडा डी७ की ई७? एफ-हत्ती डी१ ला की ए-हत्ती? अशा ठिकाणी माझे १२-१२ सेकंद जात होते, आणि नंतर खरा बळी मोजायची वेळ आली की हातात काही उरत नसे.

मग एकच नियम केला. पटावर मारामारी नसेल, म्हणजे शह नाही, काही मारलं जात नाही, धमकी नाही, तर जे मोहरं सर्वांत निरुपयोगी उभं आहे ते हलवायचं आणि ५ सेकंदांत हात सोडायचा. मारामारी असेल तर मात्र २० सेकंद लागले तरी लागू द्या. ब्लिट्झमध्ये सगळीकडे सारखं भरभर खेळणं हा गैरसमज आहे असं माझं ठाम मत आहे. थांबायचं कुठे, हे आधीच ठरलेलं असावं.

तुमच्या तासाचं म्हणाल तर ४-५ डाव आणि उरलेला वेळ त्याच डावांवर. दोन सलग हरलात की त्या दिवशी बंद. रात्री दीडला खेळलेल्या डावातून मला आजवर काही शिकायला मिळालेलं नाही.

प्यादं_ते_वजीर

ताईंशी सहमत. एक भर: काही महिने ३+२ खेळा. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. खेळीला २ सेकंद मिळत राहिले तर तुमचा तो फिलिडोर सहज वाचला असता. ३+० मध्ये आपला एंडगेम कच्चा आहे की फक्त माऊस हळू आहे, हेच कळत नाही.

आणि प्रीमूव्ह, म्हणजे समोरचा खेळायच्या आधीच आपली चाल लावून ठेवणं. लिचेसवर त्याला शून्य वेळ लागतो, चेस डॉट कॉमवर ०.१ सेकंद. पण मी फक्त नक्की होणाऱ्या मारामारीला प्रीमूव्ह लावतो: त्याने मारलं तर मी उलट मारणार. न मारता त्याने दुसरंच काही खेळलं तर तो प्रीमूव्ह आपोआप रद्द होतो, नुकसान काही नाही. साध्या चालीला लावलेल्या प्रीमूव्हपायी मी अख्खा वजीर दिलेला आहे.

संत्रानगरी_६४

मी नागपूरचा, त्यामुळे हे उदाहरण मनाजवळचं. २०२५ च्या महिला विश्वचषकात, बातुमीला, दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने कप रॅपिडच्या, म्हणजे कमी वेळेच्या डावांच्या, टायब्रेकमध्ये जिंकला. त्याच्या महिनाभर आधी लंडनला सांघिक ब्लिट्झमध्ये दिव्याने चीनच्या माजी जगज्जेत्या होऊ यिफानला हरवलं होतं. कमी वेळेत डोकं शांत ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचा सरावही वेगळाच करावा लागतो, असं मला ते डाव बघताना फार वाटलं.

एक शंका रातपाळीचा_घोडा यांना: कॅरो-कान अॅडव्हान्समध्ये तुमचे किती सेकंद जातात?

रातपाळीचा_घोडा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. ताई, वही केली. २६ डाव झाले. आणि नागपूरकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पांढऱ्याने ई५ ढकलल्यावर माझा उंट एफ५ ला जातो, मग त्याचा घोडा एफ३, माझं ई६, त्याचा उंट ई२. इथे सी५ की घोडा डी७, यावर मी २६ पैकी ९ डावांत १० सेकंदांहून जास्त बसलो होतो! दोन्ही मला येतात, म्हणूनच बसत होतो. आता फक्त सी५. घोडा डी७ ची फाइल काढूनच टाकली.

३+२ वर आलो. रेटिंग अजून २१७० आहे, त्याची घाई नाही. काल पुन्हा हत्तीचा एंडगेम आला, घड्याळात ३१ सेकंद होते, ५८ व्या खेळीला बरोबरी झाली. बायकोला उठवून सांगितलं.

दुसरा रकाना मात्र कमी होत नाही, माहीत असलेलं पुन्हा पुन्हा तपासतोच. ताई, त्यावर तुम्ही काय केलंत?

सातवी_रांग

तेच एंडगेम इंजिनसमोर, प्रत्येकी ३० सेकंद लावून, रोज दहा वेळा. फिलिडोरपासून सुरू करा, मग ल्युसेना, म्हणजे हत्ती-प्याद्याचा जिंकायचा एंडगेम. हात आपोआप ए१ ला जायला लागला की पुढचा घ्या. मला प्रत्येकाला साधारण आठवडा लागला.