एकाच केबलमध्ये प्रत्येकाने फुल पॉवर का लावायची?

दादर_तांबेतार: आमच्या भागात अजून तांब्याच्या टेलिफोन तारेवर डीएसएल, म्हणजे इंटरनेट, चालतं. पिलरपासून, म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीपासून, पुढे सगळ्यांच्या जोड्या (प्रत्येक घराच्या दोन तारा) एकाच केबलमध्ये. पूर्वी लँडलाइनवर तिसऱ्याचंच बोलणं ऐकू यायचं, तोच क्रॉसटॉक, म्हणजे एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपणं, आज नेटचा वेग खातो. एक्स्चेंजपासून दूरच्या घराचा सिग्नल येईपर्यंत अगदी क्षीण होतो. त्याच्या शेजारीच पिलरमधल्या यंत्रावरून नुकता निघालेला जोरदार सिग्नल धावतो. मार कोणाला बसणार?

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मोडेमच्या पानावर मार्जिन, म्हणजे नॉइज झेलायला राखलेली जादा ताकद, १८ डीबी (डेसिबल) दिसलं. ६ पुरतं. वरचे १२ डीबी म्हणजे गरजेच्या सुमारे १६ पट पॉवर! त्या घराचा वेग प्लॅनमुळे आधीच बांधलेला, म्हणजे त्याला यातून काहीच मिळत नाही. जादा पॉवर कंपनीनेच कमी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लालबाग_७: साफ चूक. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लाइन दिवसभर तुटत राहते. ते १८ आहेत म्हणून माझं काम चालतं. मी पूर्ण बिल भरतो, दुसऱ्याच्या लांब तारेसाठी मी का सोसू?

दादर_तांबेतार: पावसाचा मुद्दा खरा आहे. जून ते सप्टेंबर मार्जिन ९-१० ठेवा, माझी हरकत नाही. पण ओल्या जॉइंटमुळे जोडीचा तोल बिघडतो आणि क्रॉसटॉक आणखी वाढतो. तेव्हा पॉवर चढवली की शेजाऱ्याचं मोडेमही चढवतं, आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. त्यावर इलाज एकच, जॉइंट उघडून नीट करणं. त्यासाठी तक्रार लावा, मीही सही करतो.

सिग्नलवेडा_माटुंगा: कंपनीचा हात कशाला हवा? यू, जिनिस आणि सिऑफी या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलंय की प्रत्येक मोडेम बाकीच्यांना नॉइज समजून स्वतःची पॉवर ठरवत गेलं, तर सगळे एका ठिकाणी स्थिरावतात. कोणी कोणाशी बोलायचीही गरज नाही.

दादर_तांबेतार: त्याच पद्धतीत बाहेरून प्रत्येकाला वेगाचं लक्ष्य द्यावं लागतं, आणि ते गाठलं की मोडेम पॉवर उतरवतं. लक्ष्यच नसेल तर जो तो मिळेल तेवढं ओढतो. सगळ्यांना झेपेल असं लक्ष्य कोण ठरवणार? ज्याला पूर्ण केबल दिसते, तोच ना?

परळकर_फायबर: फायबर घ्या, विषय संपवा.

दादर_तांबेतार: चाळीत केबल ओढायला परवानगी मिळवून द्या, उद्या घेतो.

सिग्नलवेडा_माटुंगा: मग व्हेक्टरिंग लावा. त्याचं जी.९९३.५ हे मानक २०१० पासून आहे. क्रॉसटॉक मोजून उलट सिग्नलने आधीच रद्द करतं, पॉवर कापायची गरजच उरत नाही.

दादर_तांबेतार: त्याला सगळ्या जोड्या एकाच यंत्रावर हव्यात. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने तारा इतर कंपन्यांना भाड्याने देण्याची सक्ती केली नाही, त्यामुळे केबल एकाच्याच हातात आहे आणि हे जमू शकतं. पण एक्स्चेंजवरून येणाऱ्या जुन्या एडीएसएल (डीएसएलचा जुना प्रकार, २.२ मेगाहर्ट्झच्या खालीच चालणारा) जोड्या त्या हिशोबाबाहेर राहतात. त्या पिलरवर आणेपर्यंत तरी २.२ मेगाहर्ट्झच्या खाली पिलरवाल्यांची पॉवर उतरवा. त्यांना वरचा पट्टा मोकळाच आहे.

लालबाग_७: आधी जॉइंट दुरुस्त होऊ दे. तोवर माझ्या पॉवरला हात लावू देणार नाही.